चिऱ्याच्या भिंतीवरची रेघ

गाडीत बसताना माणसं सीट बघतात, एसी आहे का विचारतात, फार तर ड्रायव्हरचं तोंड बघून घेतात. युसूफभाई होडेकर गाडीच्या पुढे जाऊन उभा राहायचा आणि ड्रायव्हरला सांगायचा, "बत्ती लाव."

भर दुपार असली तरी. आधी डावी बघायचा, मग उजवी, मग लांबचा झोत, मग खालचा. मनासारखी असली तर दार उघडून पुढच्या सीटवर बसायचा. नसली तर, "तुमी व्हा पुढं, मी एष्टीनं येतंय," म्हणून चालायला लागायचा. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात तो असाच नवरदेवाच्या गाडीत बसला नव्हता. फुलांनी मढवलेली गाडी पुढे गेली आणि अत्तर लावलेला काका एष्टीच्या थांब्यावर उभा राहिला.

माझ्या गाडीतही तो बसत नसे. हे मी बरेच दिवस मनात धरून होतो.

मी तात्या, चौथी शिकलेला माणूस. गाव संगमेश्वराकडचं, पण हयात गेली रत्नागिरीत, स्टेअरिंगमागे. लिहायचा सराव नाही. तरी युसूफभाईबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला पसंत पडणार नाही, म्हणून मीच लिहितो.

त्याच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो रागाने. त्याच्यावरच्या नव्हे, गाडीवरच्या. माझ्या जुन्या जीपला दोन गोल बत्त्या होत्या. बल्ब गेला तर रस्त्याच्या कडेला उभं राहून बदलायचा, काच फडक्याने पुसायची, चालू लागायचं. मग पासिंगवाल्यांनी जीप मोडीत काढायला लावली आणि मी नवी गाडी घेतली. मुलाकडून दमडी न घेता घेतली, हे इथे लिहून ठेवतो. त्या गाडीच्या बत्त्या वाघाच्या डोळ्यांसारख्या तिरक्या, एलईडीच्या. उजेड असा की वेळणेश्वरच्या उतारावरून समुद्रातली होडी दिसावी. मला त्यांचा अभिमान होता.

दुसऱ्याच पावसाळ्यात डाव्या बत्तीच्या आत दव धरलं. पोफळीच्या कॉलनीत पाहुण्यांना सोडून येताना ती दोनदा लुकलुकली आणि विझली. मी कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. तिथला पोरगा भला होता. टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "काका, पाणी शिरलंय. आतला बोर्ड गेला. असेंब्ली बदलावी लागेल."

"असेंब्ली कशाला? बल्ब बदल."

"यात बल्ब नसतोच."

"मग एवढे दिवस उजेड काय तुझा बाप पाडत होता?"

तो हसला, रागावला नाही. म्हणाला, "काका, ही सीलबंद असते. उघडत नाही. आतला एलईडीचा एक दाणा गेला तरी अख्खी बत्तीच नवी घ्यायची. आमच्याकडे सुटा पार्ट येतच नाही." आणि त्याने किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत माझ्या बापाने बैलजोडी घेतली असती आणि वर गोठा शाकारला असता. मी म्हटलं, एक बत्ती म्हणजे काय मुलीचं लग्न आहे? आणि गाडी घेऊन निघालो.

पेट्रोल पंपावर कोणीतरी सांगितलं, भाट्याचा पूल ओलांडा, पुढे डाव्या हाताला फणसाच्या झाडावर बत्त्या टांगलेल्या दिसतील, तिथे विचारा.

खरोखरच टांगलेल्या होत्या. मेलेल्या हेडलाईटी, सगळ्या जातीच्या, सुकवायला टाकलेल्या माशांसारख्या फांदीफांदीला. खाली एका मोठ्या बत्तीच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिच्या बाजूला मेंदीने लाल केलेल्या दाढीचा, चौकड्यांची लुंगी नेसलेला माणूस दुधाशिवायचा, लिंबू पिळलेला चहा पीत होता. मला बघून उठलासुद्धा नाही.

"डावी गेली काय रे?"

पहिल्याच भेटीत अरे-तुरे. मग मीही सोडलं नाही. "दिसतंय तर विचारतोस कशाला?"

"बस. आधी ती बघ, मग बोलू."

त्याने दाराच्या चौकटीवर बोट दाखवलं. तिथे एक बत्ती खिळ्याला मारलेली होती. पण बत्ती कसली, वितळलेल्या मेणासारखी काच खाली ओघळून घट्ट झालेली.

"ही एका वकिलाची," तो म्हणाला. "मी भाजली. मस्कतची गोष्ट सांगत बसलंय आणि इकडे काच खलास. नवी घेऊन दिली त्याला, माझ्या खिशातून. आता तुझी उघडू काय विचार कर. माझ्या हातून असं पण होतं."

गिऱ्हाईक आलं की आधी ही बत्ती दाखवायची, हा त्याचा नियम. दुसरे कारागीर दारावर लिंबू-मिरची बांधतात. हा स्वतःची फजिती टांगून बसला होता. नम्र होता म्हणून नव्हे. नम्रपणा त्याच्या अंगाला शिवला नव्हता. मस्कतला कामाला असताना आपल्याशिवाय एका शेखची गाडी सुरूच होत नसे, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. शेखच्या गाड्या दर खेपेला वाढत जायच्या. पण बत्तीच्या बाबतीत खोटं बोलायचा नाही. "बाकी सगळं झूट चालतं तात्या," म्हणायचा, "उजेडात झूट चालत नाय."

मी म्हटलं, "उघड."

बत्ती उघडायची रीत मी तिथे पहिल्यांदा बघितली. काच आणि खोकं यांच्यामध्ये काळा चिकट डिंक असतो. तो थंड असला तर पहारीने सुटणार नाही, आणि ऊब दिली की लोण्यासारखा नरम होतो. ऊब द्यायला युसूफभाईकडे होती त्याच्या बायकोची भट्टी.

फातिमाभाभी ऑर्डरीच्या नानखटाया करायच्या. त्यासाठी विजेवरची मोठी भट्टी त्याने मस्कतहून परत येताना आणलेली. नानखटाईची ताटं निघाली की उरलेल्या उबेत युसूफभाई बत्ती ठेवायचा. भाभींना ते अजिबात मंजूर नव्हतं. मी बसलेलो असतानाच त्या आतून आल्या, भट्टीचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"परत ठेवलात? ईदेला अख्ख्या मोहल्ल्याने विचारलं, भाभी, नानखटाईला टायरचा वास कसा?"

"वेलचीचा होता तो."

"वेलची काय गाडीच्या टायरला लागते? भाऊ, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार, भट्टीत बत्ती माझीच होती. मी नानखटाई मागून खाल्ली. वास येत होता. मी बोललो नाही.

शेवटी त्याने भाभींना नवी भट्टी घेऊन दिली आणि जुनी बाहेर पडवीत आणली. तरी भाभींचा राग गेला नाही, कारण जुनीत नानखटाई चांगली फुलायची. मग कधी कधी उलटं व्हायचं. युसूफभाई बत्ती घेऊन यायचा तर भट्टीत भाभींचं ताट, आणि तो गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगायचा, "थांबा, आत पेशंट हाय."

माझी डावी बत्ती त्याने उघडली, सुकवली, फणसावरच्या एका मेलेल्या बत्तीतला बोर्ड काढून तिच्यात बसवला, नवा डिंक भरून परत ऊब दिली. काम करताना हात आधी साबणाने धुवायचा. आतल्या आरशासारख्या भागाला बोट लागलेलं त्याला खपत नसे. पेटली तेव्हा मी म्हटलं, "झाली नीट."

"नीट झाली म्हणू नको. आता तरी पेटलीय म्हण."

हे त्याचं नेहमीचं. कधीच 'झाली' म्हणाला नाही. सीलबंद वस्तू एकदा उघडली की पाऊस तिला ओळखून ठेवतो, असं म्हणायचा. एकदोन पावसाळ्यांनी परत आलेल्या बत्त्याही मी बघितल्या. पैसे न घेता परत उघडायचा. काही उघडूनही पेटायच्या नाहीत. मग सरळ सांगायचा, "नवी घे. कंपनीचा पोरगा खरं बोलत होता."

पण बत्ती पेटली म्हणून गाडी मिळत नसे. समोर चिऱ्याची भिंत होती, मधला भाग चुन्याने पांढरा केलेला, आणि त्यावर कोळशाने ओढलेली एक आडवी रेघ. पावसाने पुसली की तो नव्याने ओढायचा. तिन्हीसांजेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवायचा, गाडी भिंतीसमोर ठराविक दगडावर उभी करायला लावायचा आणि डिपर, म्हणजे खालचा झोत, लावायला सांगायचा. उजेड रेघेच्या खाली राहिला पाहिजे. केसभर वर गेला तरी स्क्रू फिरवत बसायचा. उजवा तळहात जमिनीकडे करून खाली दाबत राहायचा, जशी आई झोपणाऱ्या पोराला थोपटते तसा. "खाली. अजून खाली. हां."

"समोरून येतो तो पण कोणाचातरी घरधनी हाय," एवढंच म्हणायचा.

आंब्याच्या दिवसांत तर त्याला चैन पडत नसे. मागे पेट्या भरल्या की गाडीचं बूड बसतं, तोंड वर होतं आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. युसूफभाई पंपावर उभा राहून पेट्यांच्या गाड्या अडवायचा. "ओ बागायतदार! आंबे वाशीला चाललेत की चंद्राला?" लोक शिव्या द्यायचे. काही उतरून खरंच बत्ती खाली करून घ्यायचे. ढणढणीत पांढऱ्या बत्त्या बसवायला आलेल्या पोरांना तो हाकलून द्यायचा, आणि ती दुसरीकडे बसवून त्याच्याच दारावरून हॉर्न वाजवत जायची. त्याला त्याचं काही नसे. "त्यांच्या समोरून त्यांच्यासारखाच येईल एकदा. मग येतील," म्हणायचा आणि चहाला लिंबू पिळायचा.

माझं त्याच्याकडे जाणं वाढलं. काम नसलं तरी भाडं सोडून आलो की तिथे टेकायचो. कोंबडीची पिल्लं बत्तीच्या खोक्यातून बाहेर पडलेली मी तिथेच बघितली. दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायची सवय नव्हती, म्हणून जमत असावं.

आता त्या भांडणाचं सांगतो.

दोन वर्षांनी माझ्या बत्त्या मंद वाटायला लागल्या. या खेपेला दोन्ही. पाणी नाही, दव नाही, पण तिन्हीसांजेनंतर रस्ता धुरकट दिसायचा. समोरच्या गाडीच्या बत्तीभोवती कापसासारखं कडं. हातखंब्याच्या वळणावर एक सायकलवाला मला अगदी जवळ आल्यावर दिसला. काही झालं नाही, पण मागचं गिऱ्हाईक बोललं, आणि कोणीतरी ते मुंबईला संजयच्या, माझ्या मुलाच्या, कानावर घातलं. त्याचा फोन आला. "बाबा, आता गाडी विका. बत्त्या बदलण्यात एवढे पैसे घालू नका. इथे या, आराम करा."

मुंबईत आराम म्हणजे चौथ्या मजल्यावर खिडकीत बसायचं. मी त्याला म्हटलं, "बत्ती बिघडली म्हणून कोणी गाडी विकत नाही." वर्कशॉपला विचारलं तर त्यांनी बघून सांगितलं, बत्त्यांत काही दिसत नाही, तरी तुमचं म्हणणं असेल तर दोन्ही असेंब्ल्या नव्या टाका. दोन्हींची किंमत ऐकून मी तडक भाट्याचा पूल ओलांडला.

"युसूफभाई, दोन्ही उघड. आतले दाणे म्हातारे झालेत."

त्याने बत्त्या लावल्या, भिंतीवरचा उजेड बघितला, रेघ बघितली. दुसरी एक गाडी दुरुस्तीला आलेली होती, तिचा उजेड बाजूला पाडून बघितला. मग मला म्हणाला, "तू सीटवर बस. फातिमा! भिंतीपाशी जाऊन उभी राहा. हातात कायतरी घे."

भाभी पदर सावरत गेल्या. संधिप्रकाश होता. युसूफभाई खिडकीपाशी आला. "काय हाय तिच्या हातात?"

मी डोळे बारीक केले. "ताट. नानखटाईचं ताट."

भाभींच्या हातातल्या ताटाने पंख फडफडवले आणि कॉक करून ओरडलं.

भाभी हसल्या. युसूफभाई हसला नाही. त्याने हात आत घातला, गाडी बंद केली आणि चावी काढून लुंगीच्या कनवटीला लावली.

"बत्त्या बरोबर हायत तात्या. डोळे दाखव."

"चावी दे."

"डोळे करून ये, मग देतंय."

"माझी गाडी आहे."

"गाडी तुझी. रस्ता तुझा नाय."

मी त्याला नको नको ते बोललो. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्याची चावी कनवटीला लावणं ही कुठली रीत? पण त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणून तुझ्या गाडीत बसत नव्हतो. बरेच दिवस बघत होतो, तू पायरी चाचपत चढतोस. आधीच बोलायला हवं होतं. तुझं तोंड बघून बोललो नाय."

मी एष्टीने घरी गेलो. एष्टीत खिडकीतून बघितलं तर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला कापसाचं कडं होतं. एवढ्या सगळ्या गाड्यांच्या बत्त्या एकदम म्हाताऱ्या झाल्या नसतील, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं.

चार-पाच दिवस मी गेलो नाही. मग तोच रिक्षा घेऊन आला. घरात न शिरता अंगणातून म्हणाला, "चल. संजयला कायेक सांगितलेलं नाय. तू सांग नायतर नको सांगू." याच एका गोष्टीसाठी मी रिक्षात बसलो. मुलाला कळलं असतं तर गाडी गेलीच असती, आणि गाडी गेली असती तर मी खिडकीत बसलो असतो. हे त्याला न सांगता कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आतलं भिंग गढूळ झालंय. युसूफभाई माझ्या आधीच बोलला, "बाई, उघडून पुसता नाय येत?"

"नाही काका. नवंच बसवावं लागतं."

"म्हणजे असेंब्लीच बदलायची!" तो माझ्याकडे वळला. "तात्या, इथं माझी भट्टी चालायची नाय."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मी मात्र त्या खुर्चीत बसून, हनुवटी यंत्रावर ठेवलेली असताना, इतका हसलो की बाईंना दोनदा सांगावं लागलं, हलू नका.

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. दोन्ही वेळा बाहेर बाकड्यावर तो बसून होता, शेजारच्यांना मस्कतच्या शेखच्या गाड्या सांगत. पट्टी निघाल्यावर मला पहिली दिसली ती त्याची दाढी. मेंदीच्या लाल रंगाखाली मुळाशी पांढरी, आणि मला वाटत होतं त्यापेक्षा माणूस पुष्कळ थकलेला.

डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला मोकळीक दिली त्या दिवशी तिन्हीसांजेला त्याने मला भिंतीसमोर बसवलं. भाभी परत उभ्या राहिल्या. या वेळी हातात खरोखरच नानखटाईचं ताट होतं, आणि मला नानखटाईवरची वेलचीसुद्धा दिसली. युसूफभाईने कनवटीची चावी काढून माझ्या हातात दिली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसला.

"चल, भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ."

गेलो. सबंध वाटेत तो समोरच्या गाड्यांकडे बघत होता आणि मांडीवर तळहात दाबत होता. खाली, खाली. पुढे माझ्या गाडीत बसायला लागला, तरी झोपायचा तर कधीच नाही. गाडीत डोळा मिटणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंतर संजय मे महिन्यात आला, तेव्हा मी त्याला स्टेशनवरून घरी आणला. घरी उतरल्यावर म्हणाला, "बत्त्या बदलल्यात वाटतं. झकास आहेत." मी हो म्हटलं.

पुढच्या हिवाळ्यात युसूफभाईच्या छातीत दुखायला लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोल्हापूरला न्या, आजच. दुपारी मी पोचलो तेव्हा पुतण्याची नवी मोठी गाडी दारात उभी होती, तसल्याच ढणढणीत पांढऱ्या बत्त्यांची. सगळे त्याला तिच्यात बसवायला बघत होते. तो पडवीत खुर्चीवर, धाप लागलेली, भट्टीला टेकून.

"तात्याच्या गाडीतनं जाईन."

पुतण्या म्हणाला, "काका, माझी गाडी जास्त आरामाची आहे."

त्याने माझ्याकडे बघून बोटाने भिंतीकडे खूण केली. मला कळलं. मी गाडी दगडावर आणली आणि बत्त्या लावल्या. दिवस होता, भिंतीवर फारसं दिसत नव्हतं. तरी तो बघत राहिला, आधी डावी, मग उजवी. मग मान हलवली आणि उठला.

भाभी मागे बसल्या, पुतण्या त्यांच्या शेजारी. पुढची सीट मी थोडी मागे कलती केली. पाली गेलं, नाणीज गेलं. साखरप्याच्या पुढे घाट लागला तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या, आणि दरीतून धुकं वर येत होतं. समोरून ट्रक उतरत होते. मी प्रत्येकाला बत्ती खाली करत होतो, आणि प्रत्येक वेळी वाट बघत होतो की बाजूने आवाज येईल, अजून खाली.

आवाज आला नाही. वळण सरळ झाल्यावर मी बाजूला बघितलं.

कोल्हापूरला दवाखान्याच्या दारात त्याला ढकलगाडीवर घेतलं आणि आत नेलं. आत घरच्यांनाच सोडत होते, मला नाही. तिथून तो परतला नाही. पण ते शेवटचं दर्शन मी धरत नाही. त्या गर्दीत त्याची दाढी तेवढी दिसली होती.

मी धरतो ते घाटातलं. तोंड थोडं उघडं, मान माझ्या बाजूला कललेली, छाती सावकाश वरखाली होतेय, आणि तळहात मांडीवर मोकळा, उताणा पडलेला. मागून भाभी हळूच म्हणाल्या, "भाऊ, झोपले हो हे. गाडीत झोपले."

मी बत्ती खालीच ठेवली आणि घाट चढत राहिलो.